शनिवारी सुटणारी तार

अंबिका हसली, आणि तिथेच सगळा घोळ सुरू झाला.

गिरगावात ती एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुपारी डबा खाऊन झाला की पाय मोकळे करायला नाक्यापर्यंत जायची. नाक्यावर होम थिएटरचं नवंकोरं दुकान उघडलं होतं. भलीमोठी काच, काचेमागे गुबगुबीत सोफा, समोर टीव्ही आणि चारी कोपऱ्यांत स्पीकर. आत इतका दणदणाट की बाहेर काचेला हात लावला तर ती थरथरायची, पण शब्द म्हणून एक ऐकू यायचा नाही. त्या दिवशी सोफ्यावर एक भारदस्त गृहस्थ डोळे मिटून पसरले होते. त्यांच्या मागे उभा असलेला सेल्समन आरतीला उभं राहावं तसा गंभीर चेहरा करून ओठांतल्या ओठांत म्हणत होता, 'काका, दोन तास झाले. आता घ्या तरी, नाहीतर मला जेवायला तरी सोडा.'

अंबिकेला हसू आवरलं नाही. त्यानं चमकून वर पाहिलं. थोड्या वेळानं गृहस्थ काही न घेताच गेले, आणि तो दार ढकलून बाहेर आला. उंच, सावळा, शर्टाच्या खिशाला पेचकस अडकवलेला.

"मॅडम, एवढं काय हसलात?"

"काही नाही... टीव्हीवरचं बघत होते."

"टीव्हीवर तर माणूस बुडत होता."

"मग... पोहायला शिकायला हवं होतं त्यानं," असं म्हणून ती जी सटकली, ती चष्म्याच्या दुकानात येऊन पाणी प्यायल्यावरच तिला श्वास आला. पण दुसऱ्या दिवशी तिचे पाय पुन्हा नाक्याकडेच वळले. पायांना कोण समजावणार?

आता बंद काचेआडचं तिला कळलं कसं, तर ती तिच्या बाबांची देणगी. तिचे बाबा गणपत लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. तिथं माग एकदा सुरू झाले की माणसाला स्वतःची हाकदेखील ऐकू यायची नाही, म्हणून सगळे कामगार ओठ वाचून बोलायचे. पाळी संपेपर्यंत गप्पा, भांडणं, गावाकडच्या बातम्या, सगळं बिनआवाजाचं. त्यातही एक रीत होती. दोघं घरचं, मनातलं काही बोलायला लागले की बाकीच्यांनी पाठ फिरवायची. ऐकू येत नाही तिथं न ऐकण्याची तीच तऱ्हा. पुढे संप झाला, तो काही मिटला नाही, आणि गिरणीनं बाबांना परत बोलावलं नाही. त्यालाही आता वीस-बावीस वर्षं झाली. कान तर मागांनी आधीच खाल्ले होते. त्यामुळे अंबिकेच्या घरात आजही आवाजापेक्षा ओठच जास्त चालायचे, आणि मायलेकी गुपित बोलायला लागल्या की बाबा मुकाट्यानं भिंतीकडे तोंड करून बसायचे.

त्या मुलाचं नाव रघू हे तिला कळलं तेही काचेतूनच. मालक हाका मारायचा ना. रोज दुपारी ती काचेपाशी दोन मिनिटं रेंगाळायची. गिऱ्हाइकांना ऐकवायला त्याच्याकडे एक डीव्हीडी होती, तिच्यात पाऊस पडायचा. आधी समोर, मग डावीकडून मागे सरकत जाणारा. तो पाऊस सुरू झाला की रघू काचेकडे बघायचा आणि बिनधास्त बोलायचा. एवढ्या आवाजात कोण ऐकणार, असा त्याचा हिशेब. 'आलीस? आज उशीर झाला. निळा रंग तुला छान दिसतो गं... आत ये म्हटलं तर येशील का? नाहीच येणार.'

बाहेर कोरडं ठणठणीत ऊन, आणि अंबिका मात्र नखशिखांत भिजून उभी.

मग तिच्या चाळीनं होम थिएटर घ्यायचं ठरवलं. कल्पना शामरावांची, म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांची. एकेकाच्या खोलीत पाय पसरायला जागा नाही तर स्पीकर कुठले मावणार, तेव्हा मंडळाच्या खोलीत सगळ्यांचं मिळून एक लावू, आणि दर शनिवारी संध्याकाळी पिक्चर. दुकान कुठलं, असं विचारल्यावर अंबिकेनं गिरगावातलं नाव इतक्या पटकन सांगितलं की तिची आई, रखमा, तिच्याकडे बघतच राहिली.

दुकानात शामरावांचा जीव एका अवाढव्य सेटवर जडला. माणसाएवढे उंच खांब, त्यांना लुकलुकणारे दिवे. शेजारी मालक उभा, म्हणून रघूही तोंडानं त्या सेटचीच आरती ओवाळत होता. आवाज वाढवला, पाऊस सुरू झाला, आणि रघूचे ओठ हलले. 'नका घेऊ काका हे धूड. छोट्या खोलीत नुसता गोंगाट होईल. तो कोपऱ्यातला काळा घ्या, साधा, पण गोड आहे.'

"शामकाका," अंबिका म्हणाली, "मला तर तो कोपऱ्यातला काळा बरा वाटतो. खोली बघून आवाज घ्यावा."

रघूच्या हातातला रिमोट खाली पडायचा तेवढा राहिला. मनातलं कुणी असं उचलून ओठावर ठेवलं की माणूस दुसरं काय करणार.

सेट घेऊन तो स्वतः चाळीत आला. मंडळाच्या खोलीची कडी कामचलाऊ होती, म्हणून वाटणी ठरली. पिक्चर झाला की पाच स्पीकर पाच बिऱ्हाडांत जायचे, आणि घुमणारा आवाज काढणारा तो जड काळा डबा गणपतकडे. डब्यावर बाबांचा हक्क आपोआपच बसला. पहिल्याच दिवशी त्यांनी त्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, साचो चालता. बावीस वर्षांनी त्यांच्या हाताला मागाची धडधड लागली होती. रखमानं पदर डोळ्यांना लावला, आणि रघू उगाच तारा गुंडाळत बसला.

जुळवाजुळव झाल्यावर रघूनं अंबिकेला मधल्या खुर्चीत बसवलं. "डोळे मिटा. पाऊस जिकडून येतोय असं वाटेल तिकडे बोट दाखवा."

तिनं डोळे मिटले. पाऊस समोर पडला, तिनं समोर बोट केलं. डावीकडे सरकला, तिचं बोटही सरकलं. मग तो तिच्या मानेमागे येऊन रिमझिमायला लागला, आणि मागे कुणीतरी तार धरून गुडघ्यावर बसलंय, त्याचा श्वासही त्यातच मिसळलाय, हे तिला जाणवलं. बोट तिथंच थांबलं. कितीतरी वेळ.

"बरोबर," तो म्हणाला. "अगदी... बरोबर."

बस्स. मोठ्यानं तो एवढंच बोलायचा. मोठ्यानं 'तुम्ही', मोठ्यानं 'मॅडम', मोठ्यानं लाल तार आणि काळी तार.

खरं तर त्यानंतर त्याचं चाळीत काही काम नव्हतं. पण गंमत अशी की दर शनिवारी डब्याची एक तार सुटलेली असायची. शामराव फोन करायचे, रघू दुकानातून परस्पर यायचा, तार जोडायचा, आणि आता आलाच आहेस तर बस म्हणून पिक्चरला बसायचा. तार तोच ढिली ठेवून जातो, असं अंबिकेला वाटायचं. त्याला काय वाटायचं, तेही तिनं एका मारामारीच्या सीनमध्ये वाचलं. 'तार तूच काढतेस ना? काढत जा.'

अशा किती मारामाऱ्या, किती आगी, किती घोड्यांच्या टापा त्याच्या बोलण्याखाली गेल्या. आवाज चढला की तो तिच्याकडे बघून बोलायचा. भावाच्या संसारात एका कोपऱ्यात झोपतो, असल्या माणसानं कुणाची मुलगी कुठल्या तोंडानं मागायची, हे बोलायचा. तुझ्या बोटाला त्या दिवशी पाऊस सापडला, तो मी होतो, हेही. ती पडद्याकडे बघत असल्याचं दाखवायची, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून शब्द न् शब्द टिपून घ्यायची. आवाज उतरला की तो गप्प. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि काहीच ऐकलं नव्हतं. उत्तर द्यावं, तर पहिल्या दिवसापासून तुमच्या मनातलं चोरून वाचत आलेय, हे सांगावं लागणार. कुठली मुलगी ते सांगेल? तिला फक्त एकदा, एकदाच, ते त्याच्या आवाजात हवं होतं. आठवडाभर तो काळा डबा तिच्या अंथरुणाशी मुका पडून असायचा, आणि त्याला टेकून ती शनिवारची वाट बघायची.

तेवढ्यात आत्यानं, गंगुबाईनं, स्थळ आणलं. मुलगा बदलापूरचा, बँकेत, स्वतःचा फ्लॅट. रविवारी बघायला येणार. नाव ठेवायला जागा नाही, असं आत्या तीनतीनदा म्हणाली, आणि खरंच नव्हती. रखमानं विचारलं तर बाबा फक्त बघू म्हणाले. अंबिका काय बोलणार? ज्यानं मागितलंच नाही, त्याच्यासाठी कुणाला नाही म्हणायचं?

शनिवारी तार सुटलेलीच होती. रघू आला. चहा देता देता शामरावांनीच त्याला उद्याची बातमी सांगितली. तो बरं म्हणाला, आणि तारेचं टोक दोनदा चुकीच्या भोकात घातलं.

पिक्चर सुरू झाला. खोली गच्च भरलेली. पुढे पोरंटोरं आणि बायका, भिंतीला टेकून साचेखात्यातली म्हातारी मंडळी, आणि डब्यावर हात ठेवून बाबा. पडद्यावर पूल कोसळायला लागला, खोली हादरली, आणि रघूनं तिच्याकडे पाहिलं.

'उद्या नको ना बसूस त्यांच्यासमोर,' त्याचे ओठ म्हणाले. 'मी काय देणार तुला, मला माहीत नाही. पण नको जाऊस. तुझ्याशिवाय मला... अंबिका, ऐक ना गं.'

ऐक ना. या शब्दावर मात्र तिचं पित्त खवळलं. इतके महिने दुसरं काय करत होती ती? तिनं शामरावांच्या मांडीवरचा रिमोट उचलला आणि आवाज बंद केला. पूल मुकाट्यानं कोसळत राहिला. सगळ्या माना वळल्या.

"आता बोला," ती म्हणाली.

"काय... मॅडम?"

"आत्ता जे म्हणालात तेच. मला ओठ वाचता येतात. काचेबाहेर उभी असायचे तेव्हापासून वाचतेय. सगळं ठाऊक आहे मला. पण मी नाही म्हणू उद्या, तर कशाच्या जोरावर?"

रघूच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं दाराकडे पाहिलं, मग तारांकडे, आणि तारा त्याला काही मदत करेनात. एका क्षणी तर तो उठून निघूनच जाणार, असं तिला वाटलं.

तेव्हा बाबा बोलले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढतो ते कळत नाही, त्यामुळे खालच्या मजल्यालाही ऐकू गेलं.

"मोठ्यान बोल रे झिला. तिका ऐकाक येता. बहिरो मी आसंय."

भिंतीकडची सगळी म्हातारी मंडळी खदखदून हसायला लागली. अंबिका त्यांच्याकडे बघतच राहिली. आणि मग तिच्या लक्षात आलं. शामराव, विठोबाकाका, चंदूकाका... सगळे साचेखात्यातले. सगळ्यांना ओठ वाचता येतात. गेले कित्येक शनिवार ही माणसं पिक्चर बघतच नव्हती. तिला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"तुम्हांला माहीत होतं?" तिनं बाबांना विचारलं, बिनआवाजाचं.

बाबांनी डब्याची तार दोन बोटांत धरून हलवून दाखवली. "मगे ही दर शनवारी कोण काढी? उंदीर?" आणि रघूकडे वळून, तेवढ्याच मोठ्या आवाजात, "माझी ना नाय. पण मागूक तुकाच व्हया. तोंड उघडून."

रघू उभा राहिला. खिशाचा पेचकस उगाच काढून परत ठेवला. त्याला बोलायचं आहे, हे बघून बाबांनी तोंड फिरवलं आणि भिंतीकडे केलं. त्यांच्यामागून शामरावांनी, मग विठोबाकाकांनी, मग एकेक करून सगळ्या म्हाताऱ्यांनी. साचेखात्याची रीत. रघूला काही उमजलं नाही. त्याला वाटलं, रागावले.

"रागावले नाहीत," अंबिका म्हणाली. "ते ऐकत नाहीत आता. बोल."

बोल, म्हणाली ती. बोला नाही.

त्यानं श्वास घेतला. पहिला शब्द घोगरा निघाला. पण मग तो बोलला, आणि पावसाचा आधार न घेता बोलला. "अंबिका... मला तू हवीस. घर लहान आहे, पगार लहान आहे. उद्या कुणासमोर बसायचंच असेल, तर माझ्यासमोर बस. मी आईला घेऊन येतो."

एवढं काही फार नव्हतं. याहून कितीतरी सुंदर ती वाचून बसली होती. पण त्याच्या आवाजाला एक ओलसर खरखर होती, ती ओठांवर कधीच दिसली नव्हती, आणि ती ऐकायला तिनं सगळा उन्हाळा काढला होता. तिनं डोळे मिटले आणि आवाज येत होता तिकडे बोट दाखवलं.

पुढे बसलेल्या बायकांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्यातच बसलेली आत्या बदलापूरला फोन करायला उठली. म्हातारी मंडळी मात्र अजून शिस्तीत भिंतीकडे तोंड करून बसलेली, संपलं हे त्यांना सांगणार कोण? शेवटी अंबिकाच उठून बाबांच्या समोर जाऊन बसली. त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, झालं?

"हो," ती म्हणाली, मोठ्यानं.