दवात वाजलेला खुळखुळा

दादा त्या पहाटे कड्याकडे का वळला?

बारक्याने हे सगळ्यांना विचारलं. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराला विचारलं, डॉक्टरला विचारलं, खाणीच्या रखवालदाराला तर दोनदा विचारलं. कोणी मान खाली घातली, कोणी पाठीवर हात ठेवला.

तर पोरांनो, जरा जवळ सरका आणि ते मोबाइल उलटे ठेवा. ही गोष्ट त्या बारक्याची. ऐकीव नाही. जो ट्रकवाला त्या भावांचे भारे वाहायचा, त्याला बारक्याने स्वतः सांगितली, आणि तो ट्रकवाला आता तुमच्यासमोर बसून चहा पितोय.

खुळखुळा म्हणजे लहान मुलाच्या हातातला नव्हे. माळावर, रस्त्याच्या कडेला आपोआप उगवणारं कमरेएवढं झुडूप. पिवळीधमक फुलं आणि टम्म फुगलेल्या शेंगा. शेंग वाळली की आतल्या बिया सुट्या होतात आणि नुसत्या वाऱ्याने खुळखुळतात. बागवाले झाडांच्या ओळींमध्ये हे पेरतात आणि जमिनीत गाडतात, खत होतं. म्हणून बियांना मागणी. पण शेंग भारी तापट. ऊन चढलं की तडकते, बिया मातीत. म्हणून ती भल्या पहाटे कापायची, दवाने भिजून मऊ पडलेली असताना. आणि भिजलेला खुळखुळा मुका असतो. कितीही हलवा, आवाज नाही.

आता ही झुडपं जिथे दाट होती, तिथे माळ संपून जुनी दगडाची खाण सुरू व्हायची. कडा सरळ तुटलेला. वर हिवाळ्यातलं धुकं. बॅटरी लावली तर पुढे नुसती पांढरी भिंत. म्हणून कापणाऱ्यांनी एक युक्ती काढली होती. गेल्या वर्षीच्या वाळक्या शेंगांचा घोस डब्यात जपून ठेवायचा, त्याला तेलाचा हात लावायचा म्हणजे दव धरत नाही, आणि कामाला जाताना कमरेला बांधायचा. माणूस चालला की घोस वाजणार. कोण कुठे आहे ते जोडीदाराला न बघता कळणार. दादा म्हणायचा, बारक्याला शाळेत मास्तर शोधत फिरायचे, इथे बरं आहे, गळ्यात घंटा बांधल्यासारखा सापडतो.

असा हा दादा, अकरा वर्षं त्याच माळावर कापत आलेला. डोळे बांधले तरी कडा कुठे आहे ते सांगणारा. आणि डिसेंबरच्या एका पहाटे तोच कड्यावरून खाली गेला.

पुढे महिना गेला. कड्यालगतचा शेवटचा पट्टा कापायचा राहिला होता. शेंगा भरून आलेल्या, आणखी दोन दिवस थांबलं तर सगळं मातीत. वहिनीने विळा काढला. बारक्या म्हणाला, जाऊ दे तो पट्टा. ती म्हणाली, तो पट्टा तुझ्या भावाने राखून ठेवलाय, तू नसशील येत तर मी एकटी जाते. वहिनी एकदा बोलली की बोलली. घरात ती आली तेव्हा बारक्या सात वर्षांचा होता. शाळेचा डबा तिने भरला, शाळा सोडल्यावर कानाखालीही तिनेच दिली. दादा गेल्यावर त्याला तिच्यावाचून आणि तिला त्याच्यावाचून कोणी उरलं नव्हतं.

तेवीस जानेवारीची रात्र. पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी दोघं माळावर पोचले. बारक्याने हट्टाने कड्याकडची बाजू घेतली, वहिनीला आतल्या अंगाला ठेवलं. धुकं असं की स्वतःचा विळा दिसेना. कापायला सुरुवात झाली. इकडे याचा घोस, तिकडे तिचा. खुळ खुळ. खुळ खुळ.

अर्धा तास बरा गेला.

मग बारक्याच्या लक्षात आलं, की आवाज तीन आहेत.

तो थांबला. त्याचा घोस थांबला. वहिनी भारा बांधायला बसली असावी, तिचाही बंद. तिसरा चालूच. कड्याच्या बाजूने. सावकाश, माणूस चालावा तसा.

झुडूप असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. शेजारच्या फांदीला हात लावला. शेंगा ओल्याचिंब, बोटाखाली दबणाऱ्या. गदागदा हलवली. आवाज नाही.

खुळ… खुळ…

जवळ आला.

आणि बारक्याने काय केलं, तर कमरेचा घोस मुठीत घट्ट धरला. त्याला कळू नये, आपण कुठे आहोत.

पोरांनो, इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी तोवर बारक्याने कुणालाच सांगितली नव्हती. डिसेंबरातल्या त्या पहाटे दोघा भावांचं वाजलं होतं. दादा चार माणसांसमोर म्हणाला होता, याला कापता येत नाही, नुसतं ओढता येतं. सगळे हसले. बारक्या फुगून लांब गेला, कड्याकडे, आणि एका धोंड्याला टेकून बसला. घोस असाच मुठीत धरून. बसू दे शोधत, म्हणाला. दादाचा घोस इकडे वाजला, तिकडे वाजला. जवळ आला. बारक्या गप्प. मग दगड घरंगळल्याचा आवाज. मग काहीच नाही.

आणि आता पुन्हा तीच मूठ.

तिसरा आवाज थबकला. दोन पावलं डावीकडे. थांबला. दोन पावलं उजवीकडे. थांबला.

शोधत होता.

बारक्याने मूठ आणखी आवळली.

तेवढ्यात मागे वहिनीचा घोस वाजला. ती उठली होती. याचा आवाज येईना म्हणून उठली होती. निघाली ती सरळ… त्याच्या बाजूने… कड्याकडे.

"बारक्या?"

त्याला ओरडायचं होतं. तोंड उघडलं. आवाज फुटेना.

तिचा घोस त्याच्या उजव्या हाताला आला. पुढे गेला. आता ती आणि कडा, मध्ये चार पावलं. तीन.

त्याने मूठ उघडली. काय व्हायचं ते होऊ दे. घोस हलवला.

आवाज नाही.

शेंगा त्याने भीतीने चिरडल्या होत्या. मुठीत नुसता भुगा. हलवतोय, हलवतोय… काही नाही. बिया बोटांतून गळून गेलेल्या.

दोन पावलं.

आणि त्याच्या डाव्या अंगाला, अगदी खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ…

खुळ खुळ खुळ खुळ.

कोरडा. ठणठणीत. जोरात.

वहिनीचा घोस थांबला.

"हां, आला आवाज," ती म्हणाली. "मला काही दिसत नाही रे. इथेच बसते उजाडेपर्यंत. तू वाजवत राहा."

बारक्याने मान वळवली नाही. डोळे मिटले. शेजारचा आवाज थांबत होता, आणि ती जरा हलली की पुन्हा सुरू होत होता.

एक तास.

दोन तास.

अडीच…

पावणेसातला धुकं फाटलं. वहिनी कड्यापासून हातभर अंतरावर बसली होती. तिने खाली पाहिलं, आणि रांगतच मागे आली. मग त्याला म्हणाली, हात भरून आला असेल रे तुझा, रात्रभर वाजवत होतास. बारक्याने मूठ पुढे केली. भुगा बघितला तिने. मग तिची नजर त्याच्या डाव्या बाजूला जमिनीवर गेली आणि तिथेच राहिली.

सगळा माळ दवाने पांढरा. प्रत्येक काडी ओली. त्याच्या शेजारी तेवढे दोन पायांचे ठसे कोरडे. मोठ्या माणसाचे, त्याच्या पायाहून दोन बोटं लांब. येतानाची खूण नाही. जातानाची नाही.

बारक्याने तिथेच तिला डिसेंबरची मूठ सांगितली. काहीही न लपवता. त्याने क्षमा मागितली नाही, कारण मागायला शब्द पुरले नसते. मग त्याने विळा उचलला. ऊन चढायच्या आत अख्खा पट्टा एकट्याने कापला, भारे बांधले, रस्त्यावर आणून ठेवले. ट्रकवाला आला तेव्हा शेवटचा भारा उचलायचा बाकी होता आणि हा पुन्हा कड्याकडे निघाला होता.

ते दोन कोरडे ठसे तसेच होते. बारक्याने अंगातला स्वेटर काढला, गुडघ्यांवर बसला, आणि तो त्यांच्यावर नीट अंथरला. चारी बाजूंना दगड ठेवले. रात्री पुन्हा दव पडणार होतं.