कच्चा काथ्या

झुंजुमुंजू होताच शंखपट्टणाच्या गडावर दुंदुभी झडली आणि खाली खाडीत दोन तारवं उजेडात आली; एक राणी ओजलादेवीचं, नवंकोरं, आणि दुसरं बंदराचा धनी महाभोज खंदनाग याचं. थोरला भाऊ वारताच त्याची गादी बळकावणारा हा चांडाळ आज विधवा भावजयीला तान्ह्या वारसासह माहेरी पाठवत होता. ओठांवर साखर होती हो, पण पोटात काय शिजत होतं ते एकाच माणसाला ठाऊक होतं.

तो माणूस म्हणजे शिवणकरांचा म्होरक्या कान्हक. त्या किनाऱ्यावर तारवाला खिळा मारत नसत. फळीला फळी काथ्याच्या दोरीने शिवत. खाडीत मुरवलेला काथ्या वर्षभर टिके, कच्चा मात्र भर लाटांत उसवे. महाभोजाने कान्हकाची एकुलती एक लेक सिरिमा गडावर कोंडली होती आणि बजावलं होतं, "राणीचं तारू कच्च्या काथ्याने शीव. ते बुडालं की लेक घरी. नाहीतर तुझ्याच दाभणाने तिचे डोळे शिवीन!"

पण मेला एक गोष्ट विसरला. पावसाळा सरला की जुनी तारवंही उसवून पुन्हा शिवावी लागतात, आणि त्याचं स्वतःचं तारूही कान्हकाच्याच हाताखाली आलं होतं. मुरलेला काथ्या राणीला गेला, कच्चा महाभोजाला. राजस्त्री समुद्रावर निघाली की धन्याने आपल्या तारवातून तिला खाडीमुखापार पोचवायचं, ही तिथली रीत. तो तिथेच बुडेल, लेक गडावरून सुटेल, एवढीच बापाची आस होती.

नव्या तारवाच्या पहिल्या फेरीला शिवणकराने सोबत जायचं, म्हणून कान्हक राणीजवळ उभा होता. दोर सुटले, आणि शेजारच्या तारवातून खंदनाग गरजला, "कान्हका, तुझी ठेव बरोबर आणलीय बरं!"

डोलकाठीपाशी सिरिमा उभी होती.

कान्हक काठाशी धावला. ओरडावं तर लेक वाचेल, पण चांडाळही वाचेल, आणि राणी नि बाळ संध्याकाळ पाहणार नाहीत. राणी गेली खड्ड्यात, असं मनाशी म्हणत त्याने तोंड उघडलंच. तेवढ्यात त्याला लेकीची मान नकारार्थी हलताना दिसली. शिवणकराची पोर ती! पायाखालचा कच्चा काथ्या तिने कधीच ओळखला होता. पाझरत्या शिवणीवर पदर पसरून ती शांतपणे खाली बसली.

"काय गं, चक्कर आली?" महाभोज हसला.

"होय महाराज. समुद्राची सवय नाही."

पोरगी माशासारखी पोहते, या आशेवर बापाने ओठ घट्ट मिटले. खाडीमुखावर लाटा आदळल्या आणि तारू तळापासून उसवलं. अंगावरच्या चिलखतासह खंदनाग बुडाला. सिरिमाही वर आली नाही. ओहोटीला तुटका तळ वाळूला लागला, तेव्हा डोलकाठीला साखळीने जखडलेले तिचे पाय कान्हकाने पाहिले. ही साखळी तिला ठाऊक होती, त्याला नव्हती.

माहेरहून आपल्या भावाच्या फौजेसह राणी परतली. बाळ मोठं झालं, गादीवर बसलं, आणि एके सकाळी त्याने म्हाताऱ्या कान्हकाला गडावर बोलावलं.

"मामा फार डोईजड झालाय. त्याचं तारू कच्च्या काथ्याने शीव. घरी कोण कोण असतं तुझ्या?"

कान्हकाने दाभण काढून त्याच्या पायाशी टाकलं.

"आता कोणी नाही, महाराज. होती एक. तुमच्यापायी बुडाली. चुकलंच आमचं."