काळपट पॅनेल

"अहो, जमिनीनं गिळली की काय, तेच कळत नाही!" मालकीणबाई दारातूनच ओरडल्या. घारू अजून गाडीतून पुरती उतरलीही नव्हती.

घारू खासगी गुप्तहेर. डोळे घारे आणि नजर त्याहून तिखट, म्हणून हे नाव. तिच्यामागून धापा टाकत उतरले ते भावोजी, तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. निवृत्त झाल्यापासून ते तिच्याबरोबर हिंडत आणि भेटेल त्याच्यावर संशय घेत. एवढा उत्साह त्यांनी नोकरीत कधी दाखवला नव्हता.

मालकीणबाईंच्या कारखान्यात फर्निचरवर आणि भिंतींवर चिकटवायच्या फिल्म बनत. दिसायला अस्सल पितळ नाहीतर पोलाद, प्रत्यक्षात पातळ पापुद्रा. आता नवी फिल्म तयार झाली होती, जुन्या तांब्याची. मनासारखा जमलेला तुकडा एकच होता, आणि तोच गायब झाला होता.

"तासाभरात नाट्यगृहवाले येतायत," बाई म्हणाल्या. "त्यांच्या सगळ्या भिंतींचं काम आहे. तुकडा दाखवला नाही तर काम गेलं, आणि काम गेलं तर या दाराला कुलूप!"

"शेवटचा कधी पाहिलात?"

"काल निघताना. इथंच शोरूममध्ये, नळीवर गुंडाळून ठेवलेला. सकाळी नळी रिकामी! सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या, कपाटं उपसली. गुंडाळी कुठंच नाही."

"सकाळी तुमच्याआधी कोण आलं होतं?"

"तिघं. माझे दीर, फिटर आणि माझी भाची."

शोरूमची एक भिंत वरपासून खालपर्यंत पितळी पॅनेलांची होती. लाकडी फळ्यांवर फिल्म चिकटवून त्या हुकांवर टांगल्या होत्या. सगळी भिंत एकसारखी झळकत होती. भावोजींनी तिच्यात बघून केस सारखे केले. चेहरा दिसत नव्हता, पण हौस भागली.

आधी दीर आले. बोलणं गोडगोड, कमरेला रुंद पट्टा.

"पाठ धरलीय हो, साधी खुर्ची उचलवत नाही. पण विक्री माझ्याच जिवावर चालते! तांब्याची कल्पनाही माझीच, नाट्यगृहवाल्यांना तसं सांगून ठेवलंय. ही भिंत काल संध्याकाळी लागली, लगेच फोटो पाठवला त्यांना. बघा."

भावोजी फोनमध्ये डोकावले. "वरच्या रांगेतलं एक पॅनेल काळपट दिसतंय. फोनची काच पुसा जरा."

"कुठं काळपट? मला तर सगळं पिवळंच दिसतं," दीर म्हणाले.

घारूने फोटो पाहिला, भिंत पाहिली आणि फोन परत दिला.

फिटर हात पुसत आला.

"ही पॅनेल उलटी लागत नाहीत का हो कधी?" तिने विचारलं.

"लागली तर लगेच कळतं. फिल्मवर बारीक रेघा असतात ना. उलटं लागलं की उजेड वेगळा पडतो, पॅनेल काळं दिसतं. म्हणून फिल्म चिकटवतानाच मी फळीच्या पाठीवर बाण काढतो. टांगताना बाणाचं टोक वर ठेवायचं, बास. शिडीवर नाक भिंतीला टेकलेलं असतं, तिथून चमक काय दिसणार?"

"आज भिंतीला हात लावलात?"

"छे. ते काम काल संपलं."

शेवटी भाची आली. तिच्या नखांत रंग होता. समोरच्या टेबलावर भावोजींनी नमुन्यांचे तुकडे चाळून विस्कटले होते.

"मी सकाळपासून रंगाच्या खोलीत होते," ती म्हणाली. "इथं आलेच नाही." बोलता बोलता तिच्या हातांनी नमुने ओळीत लावले. एक तुकडा तिने न बघताच फिरवला, तेव्हा सगळ्यांच्या रेघा एका दिशेला आल्या.

"तुकडा गेल्याचं वाईट वाटत असेल."

"काकांची कल्पना होती ना ती? त्यांना विचारा."

ती जाताच भावोजी कुजबुजले, "दीरच! पट्ट्याखाली गुंडाळलाय. सोडायला लावू पट्टा?"

"भावोजी, सगळे गुंडाळी शोधत बसले, तिथंच घोळ झाला," घारू म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "बोलवा सगळ्यांना!"

सगळे भिंतीसमोर जमले. फिटरने शिडी लावून वरच्या रांगेतलं ते पॅनेल उतरवलं. फळीच्या पाठीला कोपऱ्यांवर चिकटपट्टी लावून तांब्याची फिल्म सपाट बसवलेली होती. तिला साधी सुरकुतीही नव्हती.

बाईंना रडू कोसळलं. "पण तुम्हाला कळलं कसं?"

"कालच्या फोटोत हे पॅनेल काळपट आहे, आज लख्ख. म्हणजे कुणीतरी ते काढलं आणि फिरवून लावलं. फिटरदादा, या तांब्याच्या फिल्मखाली बाणाचं टोक कुठं आहे?"

फिटरने कडा उचलून पाहिली. त्याचा चेहराच पडला. "खाली! बाण आखतानाच चुकलो मी."

"तुम्ही परत लावलं असतं तर बाण बघून लावलं असतं, आणि पॅनेल काळपटच राहिलं असतं. दीरांना शिडी झेपत नाही, आणि काळपट पॅनेल त्यांना फोटोतही दिसलं नाही. राहिली एकच." घारू भाचीकडे वळली. "फिल्म लपवून तू खाली उतरलीस आणि लांबून भिंत पाहिलीस. ते काळं पॅनेल तुला बघवेना. तशीच परत चढलीस आणि सुलट केलंस. मघाशी ते नमुने लावलेस ना, अगदी तसंच."

भाचीने मान खाली घातली.

"मला विकायची नव्हती, मावशी. आज काकांना नाट्यगृहवाल्यांसमोर रिकाम्या हातानं उभं करायचं होतं. रंग मी जुळवला, हात सोलवटले माझे, आणि नाव त्यांचं!"

"अगं, नवी पोर म्हटलं की गिऱ्हाईक बुजतं, म्हणून मी त्यांचं नाव पुढं केलं." बाईंनी कपाळाला हात लावला. "पण कारखाना बुडाला असता की गं!"

"एवढा विचारच केला नाही मी. चुकलंच माझं."

बाहेर हॉर्न वाजला. भावोजी खिडकीकडे धावले. "आले! नाट्यगृहवाले आले!"

बाईंनी डोळे पुसले आणि फिल्म उचलून भाचीच्या हातात दिली. "तुला काय बोलायचं ते रात्री घरी बोलेन, आणि भरपूर बोलेन. आत्ता हे तूच दाखवायचंस."

"आणि मी?" दीरांनी विचारलं.

"तुम्ही दार उघडा."

पाहुण्यांनी फिल्मवरून हात फिरवला, टिचकी मारली, पुन्हा हात फिरवला.

"कुणी केलं हे?"

"माझ्या भाचीनं," बाई म्हणाल्या.

पाहुणे भाचीकडे वळले. "मग आम्ही तुमच्याशीच बोलतो. किती भिंती करून द्याल?"

भाचीने मावशीकडे पाहिलं. मावशी मुद्दामच दुसरीकडे बघत होती.

"सगळ्या," भाची म्हणाली.