सोडवायला आलेला हात

सोमवारी मत्स्यालय प्रेक्षकांना बंद असतं, म्हणून नवी शार्क सोमवारीच आणायची ठरली होती. सकाळी ती ट्रकमधून आली, क्रेनच्या झोळीतून मोठ्या टाकीत उतरली आणि तळाशी ओंडक्यासारखी पडून राहिली. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. प्रवासाची गुंगी होती.

मोठ्या शार्कचं एक असतं. ती पुढे सरकत राहिली तरच तिच्या कल्ल्यांतून पाणी वाहतं. थांबली की गुदमरते. म्हणून गुंगी उतरेपर्यंत तिला चालवावं लागतं. एक पाणबुडा उजवीकडे, एक डावीकडे, दोघांनी छातीजवळचा पर धरायचा आणि ऑपरेशन झालेल्या माणसाला व्हरांड्यात फिरवतात तसं तिला टाकीभर फिरवायचं. थकला की दुसरा येऊन सोडवतो. पाण्यात बोलता येत नाही आणि जनावरावरची नजर काढायची नसते, म्हणून येणाऱ्यानं मागून येऊन हातावर हात ठेवायचा. मग खालचा हात काढून मागे न बघता वर जायचं. हातावर हात आल्याशिवाय मात्र पर सोडायचा नाही, मग काही का होईना.

ही रीत बाबांनीच घालून दिली होती. बाबा म्हणजे तिथले सर्वांत जुने पाणबुडे. लेक त्याच कामावर लागली आणि तिचं ऐकून सगळेच त्यांना बाबा म्हणू लागले. वयानं मोठ्या असलेल्या डॉक्टरीणबाईसुद्धा. एवढी लेकरं मला झेपायची नाहीत, असं ते म्हणत, पण हाकेला ओ देत.

आज लेकीची मोठ्या शार्कबरोबरची पहिली पाळी होती, आणि बाबांच्या ते मनात नव्हतं. या टाकीतल्या आधीच्या दोन्ही शार्क आठवडाभरही टिकल्या नव्हत्या. दोन्ही डावीकडे कलत कलत गेल्या, त्या बाजूला कुणी लोंबकळत असावं तशा. एवढं मोठं जनावर काचेत कोंडायचंच कशाला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. कारण मात्र त्यांनाही सापडलं नव्हतं. बाबांनी लेकीला आज सुट्टी घे म्हणून सुचवून पाहिलं. त्यावर, तुम्ही मला पोहायला तरी कशाला शिकवलंत, असं तिनं विचारलं आणि विषय संपला.

पहिल्या पाळीला उजवीकडे बाबा आणि डावीकडे लंबू उतरले. लंबू ताडमाड उंच होता, तरी शार्कच्या पाठीपलीकडे तो दिसत नव्हता. पाण्यात स्वतःच्या श्वासाची घरघर तेवढी ऐकू येत होती. हाताखालची कातडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत होती. कितीतरी फेऱ्यांनंतर शेपूट जरा हललं. डावीकडून छान, एकसारखा रेटा येत होता. लंबू आज मन लावून काम करतोय, असं बाबांना वाटलं.

मग शार्क काचेजवळून वळली. काचेबाहेरच्या पडद्याच्या फटीतून उजेड आत येत होता. त्या उजेडात लंबू उभा होता. अंगाला टॉवेल गुंडाळून चहा पीत होता.

बाबांनी खाली वाकून शार्कच्या पोटाखालून पलीकडे पाहिलं. तिथे पाय नव्हते. पण रेटा तसाच होता... सावकाश, एकसारखा, न थकणारा.

लंबूनं नंतर शपथेवर सांगितलं, की हातावर हात आला म्हणूनच तो वर आला. हात गार होता, पण पाण्यात कुणाचा ऊबदार असतो?

डोक्यावर बुडबुडे फुटले. लेक उतरत होती. तिची जागा डावीकडे होती. ती मागून येणार आणि पराकडे हात नेणार. बाबांना आयुष्यात पहिल्यांदा आपलीच रीत मोडावी लागली. त्यांनी उजवा पर सोडला, पाठीवरून पलीकडे झेप घेतली आणि लेक पोचायच्या आत डाव्या परावर हात ठेवला. तिथे दिसायला काही नव्हतं. त्यांच्या तळव्याखालून मात्र काहीतरी निघालं, एकेक बोट करत, फार दिवस वाट पाहून आखडलेल्या हातासारखं.

त्यांनी लेकीला जोरजोरात वर जायची खूण केली. ती फणकाऱ्यानं गेली. शार्क आता स्वतःच्या शेपटीनं पोहत होती, चालवायची गरजच उरली नव्हती. बाबांनी आपल्या हाताला उघडायला सांगितलं. हातानं ऐकलं नाही. शार्क त्यांना ओढत एक फेरी मारून आली, मग दुसरी. पाठीवरच्या नळकांड्यातली हवा कमी होऊ लागल्याची खरखर कानात सुरू झाली...

तेवढ्यात त्यांच्या हातावर हात आला. लहान आणि ऊबदार. बोटं आपोआप सुटली. वर निघताना त्यांनी काचेकडे पाहिलं. पलीकडे लंबूशेजारी लेक उभी होती, ओल्या केसांनी, काचेला तळवा टेकून.

दुपारी कँटीनमध्ये सगळे खुशीत होते. शार्क सरळ पोहत होती, कुठेही कलत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना चहा सांगितला. लेक मात्र डाव्या हातानं कप धरत होती. उजवा हात टेबलावर होता, बोटं अर्धवट वळलेली.

"दुखतोय का?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग उघड ना."

तिनं बोटांकडे पाहिलं. ती रडत नव्हती. लहानपणी ताप चढल्यावर बोलायची तशा बारीक आवाजात बोलली.

"तुम्हाला कुणी सोडवतच नव्हतं, बाबा. हवा संपत आली होती... म्हणून मी काचेवरूनच हात ठेवला."

"बरं. झालं ते. आता काढ."

"कसा काढू? अजून कुणी आलं नाही ना..."

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. लंबू कुणाची तरी नक्कल करत होता, सगळे हसत होते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आपला हात लेकीच्या हातावर ठेवला.

तिचा हात अलगद निघाला. तिनं बोटं कडाकडा मोडली, हसली, आणि लंबूची नक्कल बघायला उठून गेली.

बाबा तसेच बसून राहिले. टेबलावर काही नव्हतं. त्यांच्या तळव्याखालून मात्र काहीतरी गार, खरखरीत, सावकाश पुढे सरकत होतं.