हे झाड नव्हेच!

"मावशी असं करूच शकत नाही!" ठिणगीने जिन्यातच पाय आपटला.

"हळू! आईला ऐकू जाईल," तिचा मावसभाऊ ढापण्या कुजबुजला.

मावशी संग्रहालयात संशोधक होती. सुट्टीत दोघं रोज तिच्याबरोबर तिथे यायची. पण आज सकाळी संचालकांनी मावशीला सगळ्यांदेखत झापलं होतं. खोल समुद्रातून आलेला हायड्रॉइडचा, म्हणजे झाडासारख्या दिसणाऱ्या समुद्रजीवाचा, एकुलता एक नमुना बरणीसकट गायब! नमुनाच नाही, तर ही नवी जात आहे हे सांगणार कशाच्या जोरावर? मावशीची सगळी मेहनत पाण्यात, वर निष्काळजी म्हणून बदनामी!

"पण ती वाळकी काडी कोण नेईल?" ढापण्या म्हणाला.

"काडी म्हणू नकोस! शेकडो जिवांची वसाहत आहे ती. काही जीव खाणं पकडतात, काही पिल्लं वाढवतात. मावशीने दाखवलं होतं ना?"

तणतणत ती खाली आली. पाहुण्यांसाठी दालनात माशांची नवी काचेची टाकी मांडली होती. ढापण्या थबकला.

"ए, इथे स्पिरिटचा वास येतोय! आईच्या नमुन्यांच्या बरण्यांसारखा!"

टाकीतले मासे एका कोपऱ्यात दाटीवाटीने थांबले होते. दुसऱ्या कोपऱ्यात, प्लास्टिकच्या झाडांमध्ये, पिसासारखं काहीतरी तपकिरी उभं होतं. ठिणगीने काचेला भिंग लावलं. डहाळीवर इवलेइवले पेले, त्या जिवांची घरं, आणि तीही तीन-तीनच्या झुपक्यांनी!

"मावशीचाच नमुना! दुसऱ्या कुठल्याच जातीत पेले असे नसतात!" रागाने तिचे कान तापले. ती ओरडणार, तोच ढापण्याने तिचा हात धरला.

"आत्ता ओरडलीस तर सगळे कानांवर हात ठेवतील. संचालक येऊ देत."

संचालक टाकी मांडणाऱ्या व्यवस्थापकांबरोबर आले, तेव्हा ठिणगीने राग गिळला आणि गोड आवाज काढला. "काका, किती सुंदर झाड! बाजारातून आणलंत?"

"छे!" व्यवस्थापक फुशारले. "वर एका बरणीत उगाच सडत पडलं होतं. कसं मार्गी लावलं बघ!"

"कुठल्या बरणीत?" संचालकांचा चेहरा पडला.

ढापण्याने धावत जाऊन आईला आणलं. तिने चिमट्याने नमुना अलगद बाहेर काढला. एक डहाळी तुटली.

"बाकीचा शाबूत आहे," ती कशीबशी म्हणाली.

"शाबास, पोरांनो!" संचालक म्हणाले. "संग्रहालयाची लाज राखलीत!"

"शाबासकी राहू द्या!" ठिणगी कडाडली. "मावशीला सगळ्यांदेखत बोललात ना? मग माफीही सगळ्यांदेखत मागा!"

संचालकांनी मान खाली घातली. मग त्यांनी सगळ्यांना बोलावून घेतलं आणि हात जोडले. "चूक माझी. मी चौकशी न करताच बाईंना बोललो."

मावशीने डोळे पुसत ठिणगीला जवळ ओढलं. "फार फटकळ आहेस गं! पण नजर पक्की आहे तुम्हां दोघांची. चला वर. ही तुटकी डहाळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवू. पेल्यांचं पहिलं चित्र तू काढ."