डब्ल्यू दाबण्याआधी

जयदीप केबल मागायला आला, आणि मी पडद्यासमोर दगड होऊन बसलेले. चाकणच्या आमच्या कंपनीत तो शेजारच्या प्लांटचा सिस्टीमवाला. येता-जाता मान हलवण्यापलीकडे आमची ओळख नव्हती.

"काय झालं, मॅडम?"

"संपलं..." मी म्हटलं. "नव्या डिस्कचे भाग पाडायचे होते. एफडिस्कचा प्रोग्राम चालवला, आधीचे भाग उडवले – आणि मग लक्षात आलं, ही जुनी डिस्क आहे. अख्ख्या लाइनचा रेकॉर्ड हिच्यावर. मी तर अजून नोकरीत कायमसुद्धा नाही झाले."

तो खुर्ची ओढून बसला. कीबोर्डला हात लावला नाही.

"डब्ल्यू दाबलंत?"

"नाही."

"मग काय बी गेलं न्हाई." गडबडीत गावची बोली निसटली, तसे त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... तुम्ही डब्ल्यू, म्हणजे 'लिही', असं सांगेपर्यंत डिस्कला पत्ताच नसतो. सगळं नुसतं ठरवाठरवीत असतं. क्यू दाबा, बाहेर या."

"तुम्हीच दाबा ना."

"अंहं. निस्तरायचं तुमच्याच बोटानं. मग पुन्हा भीती नाही वाटत."

मी क्यू दाबलं. पुन्हा यादी काढली... सगळे भाग जागच्या जागी. माझे डोळे भरून आले. त्यानं लगेच पाठ फिरवली आणि भिंतीवरचं सुरक्षेचं पोस्टर वाचायला घेतलं. केवढा वेळ वाचत होता – चारच ओळी होत्या त्यावर.

मग नवी डिस्क. "साइजवर बोट ठेवा, डिस्कचं नाव मोठ्यानं म्हणा. मगच पुढे."

"नेहमी इतके सावध असता?"

"डिस्कच्या बाबतीत."

"आणि बाकी?"

"बाकी... वेळ नव्हती आली."

शिफ्ट सुटल्यावर तो गेटवर बाइक घेऊन उभा. "निगडीला राहता ना? सोडतो. माझ्या वाटेवरच आहे."

इंद्रायणीचा पूल ओलांडला, वारा ओढणीत शिरला. मोशीच्या चौकात भाजी घेणाऱ्या एका बाईंनी हाक मारली, "आरं जयदीप, घर हिकडं हाय! कुटं निघालास?"

"शालन आत्या," तो पुटपुटला आणि गाडी पुढे काढली.

"वाटेवर ना?" मी कानाशी विचारलं.

त्यानं उगाच आरसा नीट केला.

"मघाशी वाटलं, उद्यापासून तुम्ही दिसणार न्हाई. म्हणून... वाट जरा लांब केली."

"किती?"

"तुम्ही म्हणाल तेवढी."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मग सावकाश चालव."

"तुम्ही" म्हणायचं राहूनच गेलं.