चव घेणं म्हणजे खाणं नव्हे

त्याच्या कोपराच्या खळगीत पीठ होतं. तिने स्पिरिटचा बोळा फिरवला, तर शीर दिसायची सोडून तिथे कणकेचा पातळ लेप तयार झाला. दोन वर्षांत हजारो हात पाहिलेली ती बोळा धरून नुसती बघत राहिली.

"हात धुतले होते," तो ओशाळून म्हणाला. "मनगटापर्यंत."

तिला हसू आवरेना. सुई हातात असताना हसायचं नसतं, म्हणून तिने आधी हसून घेतलं आणि मग सुई उचलली.

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा रक्ताचे रिपोर्ट फोनवर टुणकन येऊन पडत नसत. ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर जाड पाकिटातून मिळायचे. काही माणसं पाकीट दारातच फोडायची, काही ते छातीशी धरून थेट डॉक्टरांकडे पळायची. रक्त तपासायची लॅब म्हणजे इनमिन दोन खोल्या. बाहेर बाकं आणि काउंटर, आत एक खुर्ची, एक फ्रिज, नळ्या गरगर फिरवणारं यंत्र आणि एक टाइपरायटर, ज्याची दोन बटणं नेहमी रुसलेली असायची. त्या खोल्या आता राहिल्या नाहीत. तिथे चष्म्यांचं दुकान झालंय, आणि तिथून जाताना तिला अजूनही आधी स्पिरिटचाच वास येतो.

तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. हात हलका, म्हणून आसपासची पोरं तिला सुईताई म्हणायची, आणि पोरांचं ऐकून मोठेही म्हणायला लागले होते.

तो चौकातल्या बेकरीचा मालक. रोज पेटत्या भट्टीत हात घालणारा हा माणूस सुई दिसताच कॅलेंडरकडे तोंड करून बसला. तिने नेहमीचा प्रश्न विचारला. काल रात्रीपासून काही खाल्लंय का? तो म्हणाला, संध्याकाळी सातला जेवलो, त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही, शपथ. आता साडेसात वाजले होते. बारा तास उलटून गेले होते. तिने चिठ्ठीवर 'उपाशीपोटी' अशी खूण केली.

त्याच्या मागे त्याची आई उभी होती. काकूंनी तिला बाजूला घेतलं आणि त्याला ऐकू जाईल अशाच आवाजात सगळं सांगून टाकलं. दोन वर्षांपूर्वी याचे बाबा भट्टीसमोरच कोसळले. वय एक्कावन्न. रक्तवाहिन्या चरबीने भरल्या होत्या म्हणे, पण आयुष्यात कोणी कधी मोजलंच नव्हतं. त्या दिवसापासून काकूंनी बेकरीत पाऊल टाकलं नव्हतं. आता मायलेकांचं ठरलं होतं. रिपोर्ट चांगला आला तर बेकरी चालू. वाईट आला तर महिनाअखेरीला शटर खाली, आणि पोरगा मामाच्या गावी, मामाच्या ऑफिसात. तिथे खुर्ची तयार होती.

"याने कबूल केलंय," काकू म्हणाल्या. "माझ्या डोक्यावर हात ठेवून."

कॅलेंडरकडे बघणाऱ्याने मान हलवली.

जाताना तो कापूस दाबून दारात जरा घोटाळला. "तुम्हाला सगळे ताई म्हणतात…"

"मग?"

"मी दुसरं काही म्हटलं तर चालेल? म्हणजे काय, ते अजून ठरवलं नाही. पण ताई नको."

तिने नळीवर चिठ्ठी चिकटवली. वाकडी चिकटली.

रक्ताची नळी यंत्रात फिरवली की तांबड्या पेशी तळाला बसतात आणि वर फिकट पिवळं, नितळ पाणी राहतं. तिने त्याची नळी उजेडासमोर धरली. वर पाणी नव्हतंच. दूध होतं. गढूळ, पांढरट, दाट. हे असं कधी होतं ते तिला पाठ होतं. नुकतंच काहीतरी तेलकट, लोण्याचं पोटात गेलं, की ती चरबी रक्तात अशी तरंगत असते. आकडेही तसेच आले. रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड्स, दीडशेच्या आत हवेत, ते तीनशे बेचाळीस. वाईट कोलेस्टेरॉल, ज्याला कागदावर एलडीएल लिहितात, तेही रेषेच्या वर.

म्हणजे हा खाऊन आला होता. आणि शपथ घेत होता!

तिला भयंकर राग आला. मग राग आल्याचाच राग आला. रोज दहाजण खोटं बोलत. कोणी चहा प्यालेलं असे, कोणी बिस्किट खाल्लेलं. त्या दहांचा राग तिला कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाचला तो एकटाच आला. पाकीट दारात फोडलं, कागद वाचला, चार घड्या घातल्या. महिना संपायला अकरा दिवस आहेत, तोवर ब्रेड न्यायला या, असं काहीतरी म्हणाला आणि हसायचा प्रयत्न केला. तो प्रयत्न इतका वाईट होता, की तिच्या तोंडून 'खोटारडे' हा शब्द काही निघाला नाही.

पण न बोललेला शब्द तिला पचत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच ती बेकरीत हजर. बाहेर भुरभुर पाऊस होता, ओढणीच्या टोकावर थेंब जमले होते, आणि आत भाजत्या ब्रेडचा असा काही वास, की भांडायला आलेल्या माणसाचा अर्धा जोर दारातच गळावा. तिचा पाऊण गळला. उरलेल्या पावावर तिने तोंड उघडलं. खाऊन यायचं होतं तर शपथ कशाला घेतली? तुमच्या आईने त्या कागदावर तुमचं सगळं आयुष्य ठरवलंय, कळतंय का?

तो हातातलं फेटणं न थांबवता ऐकत होता. "मी खरंच काही खाल्लं नव्हतं," असं म्हणता म्हणता त्याचं बोट लोणी-साखरेच्या भांड्यात गेलं, तिथून तोंडात गेलं, आणि तो पुढे बोलू लागला.

ती थांबली. मनातल्या मनात मोजू लागली. दोन. तीन, चमचा भरून, सायीचा. चार, केकचा चुरा. तो पोटतिडकीने सांगत होता, की वडील गेल्यापासून तो आईशी एकदाही खोटं बोललेला नाही. पाच. सहा. नऊपर्यंत आल्यावर तिला राहवेना.

"हे काय चाललंय?"

"काय?"

"तोंडात काय घातलंत आत्ता?"

त्याने स्वतःच्या बोटाकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. "ते? चव घेतली."

"आणि परवा सकाळी? लॅबमध्ये यायच्या आधी?"

"घेतली असणार की. चव घेतल्याशिवाय माल बाहेर जात नाही आमचा. पण चव घेणं म्हणजे खाणं नव्हे. बाबा नेहमी म्हणायचे…"

तो तिथेच थांबला. फेटणंही थांबलं. बाबा तीस वर्षं म्हणत होते. तीस वर्षं रोज.

पण तिला आता मागे फिरणं नव्हतं. तिने पिठाची रिकामी कागदी पिशवी उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. लोणी-साखरेचा एक चमचा म्हणजे चाळीस-पन्नास कॅलरी. दिवसाला असे वीस-पंचवीस चमचे. म्हणजे हजारभर, म्हणजे दोन जेवणं. आणि ती तुमच्या दोन जेवणांच्या वर. शरीराला चव आणि जेवण यातला फरक कळत नाही. जे खर्च होत नाही ते सगळं ते साठवून ठेवतं.

"म्हणजे मी रोज चार जेवणं जेवतो?"

"आणि दोनांची नोंदच नाही तुमच्याकडे."

भांडं बाजूला सारून तो म्हणाला, "मी एवढा खादाड आहे, हे तुम्ही सोडून कोणी सांगितलं नव्हतं मला." आणि ज्या आवाजात म्हणाला, त्याने तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. भट्टी जवळच होती, हे बरं.

लॅबच्या मालकीण डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि नमुना पुन्हा घ्यायला सांगितलं. चार दिवसांनी, खरोखरचे बारा तास. काकूंनाही तेवढं थांबायला पटवलं. अडचण एकच होती. त्याच सकाळी एका शाळेच्या पन्नासाव्या वर्षाचा तीन मजली केक जायचा होता. चव कोण घेणार?

"मी," ती म्हणाली. आणि म्हणून झाल्यावर तिला कळलं, की आपण फारच लवकर म्हणालो.

त्या सकाळी त्याने ओठांवर स्वतःच्या हाताने चिकटपट्टी लावली होती. सवयीचा भरवसा नाही, असं खुणेने सांगितलं. ती इतकी हसली, की शेवटी त्याने पट्टी काढली आणि हात मागे बांधून उभा राहिला. ती चमचा तोंडात घालायची आणि तो तिच्या चेहऱ्याकडे बघायचा.

"छान आहे."

"छान ही चव नाही. छान हा शेरा झाला. आत काय होतंय ते सांगा."

तिला सांगता येईना. लोकांच्या रक्तात काय आहे ते ती दशांशापर्यंत सांगायची, पण स्वतःच्या जिभेवर काय आहे, हे तिला कधी कोणी विचारलंच नव्हतं. तिने डोळे मिटले. "साखर आधी पळत येते," ती सावकाश म्हणाली. "लोणी मागून… रेंगाळत. आणि शेवटी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं."

"मीठ," तो म्हणाला. "चिमूटभर मीठ राहिलंय."

त्याने मीठ टाकलं. तिने पुन्हा चमचा घेतला, डोळे उघडले. तो अगदी जवळ उभा होता, हात अजून मागेच, आणि परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसा श्वास रोखून.

"आता?"

"आता जावंसं वाटत नाही," ती म्हणाली. लोण्याबद्दलच म्हणाली. तो मात्र उगीच खाली बघून हसत होता. त्या सकाळी किती चमचे घेतले ते तिने मोजले नाहीत. दुपारी जेवण निम्मं केलं आणि लॅबपासून घरापर्यंत चालत गेली. त्या दिवसाबद्दल तिला आजही कोणी विचारलं, तर ती एवढंच सांगते आणि बाकीचं पोटात ठेवते.

त्याच सकाळी साडेसातला लॅबमध्ये तिने त्याचं रक्त घेतलं. नळी फिरवून उजेडात धरली. वर पिवळं, नितळ पाणी. तिला ती नळी गालाला लावावीशी वाटली.

पण आकडे मनासारखे वागत नसतात. ट्रायग्लिसराइड्स एकशे अठ्ठ्याहत्तर. निम्म्यावर आले, तरी दीडशेच्या वरच. वाईट कोलेस्टेरॉल अजून रेषेच्या पलीकडे. टाइपरायटरमध्ये कागद चढवून ती बसून राहिली. सातच्या जागी चार. एकच बटण. एकशे अठ्ठेचाळीस. काकूंना आकडा कळणार नाही, डॉक्टरीणबाई सहीपुरत्या बघतात, आणि बेकरी राहील. तो राहील.

मग तिला त्याचे बाबा आठवले, ज्यांचं कोणी कधी मोजलं नव्हतं. खोटा आकडा म्हणजे न मोजल्यासारखंच. तिने सात दाबला, आणि डोळे पुसून आठ.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मायलेक आले. काकूंनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि काउंटरवर ठेवला. मला यातलं कळत नाही पोरी, त्या म्हणाल्या, तूच सांग. याच्या बाबांसारखं होणार का याचं?

"होणार नाही, असं मी लिहून देऊ शकत नाही," ती म्हणाली. मग तिने नीट समजावून सांगितलं. काही रक्तातूनही आलं असेल. पण बराचसा आकडा त्या चमच्यांचा आहे, आणि तो खाली येतो. याने लोणी-साय आवरली, चव घेऊन थुंकायला शिकला, रोज तासभर चालला, तर पुढच्या तपासणीत फरक दिसेल. मामांच्या खुर्चीत आठ तास बसून आकडा आपोआप खाली येणार नाही. खाणं तेवढंच राहील आणि खर्च कमी होईल.

काकूंनी कागदाची घडी घातली. "आणि हे सगळं बघणार कोण? मी त्या भट्टीपाशी पाय ठेवत नाही."

"मी बघेन."

"बघशील म्हणजे," काकूंनी चष्मा काढला, "या काउंटरच्या पलीकडून, की आमच्या घरातून?"

दारात उभ्या असलेल्या त्याला एकदम खोकला आला. हात रिकामे राहू नयेत म्हणून तिने पुढच्या तपासणीचं कार्ड टाइपरायटरमध्ये चढवलं. तीन महिन्यांनंतरची तारीख. त्याचं नाव. 'सोबत येणारी व्यक्ती' या रकान्यात तिने, एकेक बटण दाबत, स्वतःचं नाव टाइप केलं. त्यापुढे रकाना होता 'नातं'. तिथे ती थांबली. आणि मग, कान लालबुंद झालेले असताना, तिने ते जड यंत्र दोन्ही हातांनी फिरवून त्याच्या दिशेने ढकललं.

तो पुढे आला. जन्मात कधी टाइप केलेलं नसल्यामुळे एका बोटाने अक्षरं शोधू लागला.

काकू बाकावर नीट मांडी घालून बसल्या. "सावकाश," त्या म्हणाल्या. "घाई नाही कोणाला. पण चुकू नकोस, तिथे खोडता येत नाही."